शस्त्राचा पल्ला

आम्हा बालरोगतज्ज्ञांना पालकांकडून रोज ज्या तक्रारी ऐकाव्या लागतात, त्यांत ‘हा सारखा पडद्याला चिकटलेला असतो’ ही हल्ली पहिल्या क्रमांकाची म्हणावी लागेल. त्यावर ठरलेला उपदेश मीही करीत आलो आहे आणि तो मागे घेण्यासाठी हा लेख लिहीत नाही. परंतु एका व्हिडिओ गेमने मला माझ्याच व्यवसायातील एक चूक दाखवून दिली. ती आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नोंदवावी, असे वाटले.

थॅलेसेमियाचा एक अकरा वर्षांचा मुलगा दर तीन आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी आमच्याकडे येतो. पिशवी संपेपर्यंत तीन-चार तास सहज जातात. तेवढा वेळ तो ‘फायर एम्ब्लेम’ नावाचा खेळ खेळतो. या जपानी मालिकेतील पहिला खेळ १९९० साली आला; जपानबाहेर ती २००३ साली पोहोचली. खेळ पाळीपाळीने चालतो. आपण विचार करीत बसलो, तर शत्रूही थांबून राहतो. हाताला सुई लावलेल्या मुलाला हे सोयीचेच.

एकदा मी त्याच्या खाटेशी बसलो आणि खेळ समजावून घेतला. बुद्धिबळात, प्याद्याचा अपवाद सोडला तर, मोहऱ्याचे चालणे आणि मारणे एकच असते. येथे मात्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सैनिक आधी चालतो आणि मग आपल्या शस्त्राच्या पल्ल्यानुसार मारा करतो. तलवार साधारणपणे शेजारच्या घरापर्यंतच पोहोचते. फेकीचा भाला एका आणि दोन्ही घरांवर चालतो. धनुष्याचा पल्ला या मालिकेतील बहुतेक खेळांत नेमका दोन घरांचा असतो. तिरके घर दोन घरे दूर धरले जात असल्याने मोकळ्या पटावर धनुर्धराच्या माऱ्यात आठ घरे येतात, तलवारीच्या माऱ्यात चारच.

यातली खुबी प्रत्याघातात आहे. धनुर्धराने दोन घरांवरून बाण मारला, तर तलवारवाल्याला उलट वार करता येत नाही. पण तोच तलवारवाला आपल्या पाळीत शेजारी येऊन ठेपला, की धनुर्धर निरुत्तर होतो. त्या दिवशी मुलाची धनुर्धारी मुलगी अशीच पडली होती. आणि या खेळाच्या जुन्या रीतीप्रमाणे पडलेला सैनिक परत येत नाही.

“डॉक्टरकाका, तिचा नेम चांगला होता,” तो म्हणाला. “पण कुणी अगदी जवळ आलं की तिला काही करता येत नाही. तिला एकटं ठेवायचंच नव्हतं. शेजारी ढालवाला उभा करायला हवा होता.”

पुढच्या खेपेस त्याने ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ हा त्याच कुळातला २००१ सालचा खेळ दाखवला. त्यात तोफेचा पल्ला दोन ते तीन घरांचा, म्हणजे मोकळ्या पटावर वीस घरे. रॉकेटचा तीन ते पाच, म्हणजे अठ्ठेचाळीस. मात्र दोघांनाही एकाच पाळीत हलणे आणि डागणे जमत नाही आणि शेजारी आलेल्या साध्या पायदळावरही ती डागता येत नाहीत. पल्ला जितका लांब, तितकी पायाशी असलेली आंधळी जागा मोठी.

घरी जाताना हे वाक्य मनात घोळत राहिले. या मुलाचे फेरिटिन वर्षभर चढत होते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी त्याला रोज गोळी दिलेली होती. आई सांगे की तो घेतो, आणि अहवाल सांगे की घेत नाही. मी काय केले? मात्रा तपासली, समज दिली, आवाज चढवला. माझ्या चिठ्ठीचा पल्ला मोठा खरा. तीन आठवडे पुरणारा. पण रात्री जेवणानंतर, ज्या क्षणी गोळी तोंडात जाते किंवा गादीखाली जाते, त्या क्षणी मी कोठेच नसतो. तेथे मी एकही ढालवाला उभा केलेला नव्हता.

मी त्याला विचारले, “तुझ्या शेजारच्या घरात कोण उभं राहील?” तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “ताई.” आईचे नाव त्याने घेतले नाही; आई रडते, असे कारण त्याने दिले. ताईला बोलावून मी अर्धा तास बोललो. आता ती रोज रात्री त्याच्याजवळ बसते आणि वहीत खूण करते. पुढील तपासण्यांत फेरिटिन हळूहळू उतरू लागले आहे. अजून हवे तेवढे नाही.

दीर्घकालीन आजाराच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर मी आता औषधाखाली एक ओळ अधिक लिहितो: ‘रोज जवळ कोण?’ ती ओळ कोरी राहिली, तर वरचे औषध कितीही उत्तम असो, मी चिठ्ठी पुरी झाली असे मानत नाही.