मणक्यात उतरलेला कर्करोग आणि 'शेक'

कंबर धरली की आपल्याकडे आधी बाम, मग गरम विटेचा शेक आणि शेवटी चोळून देणारा माणूस. साध्या दुखण्यात ते चालून जाते. पण ज्यांना स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे अथवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी पाठदुखी अंगावर काढू नये आणि पाठ चोळून तर मुळीच घेऊ नये. या रोगाच्या पेशी रक्तावाटे मणक्यात जाऊन हाड पोखरतात. हे दुखणे बहुधा रात्री, आडवे झाल्यावर वाढते. पुढे मज्जारज्जूवर दाब आला की पाय जड पडतात, बधिरपणा येतो, लघवी अडते.

अशा वेळी किरणोपचार देतात. रुग्ण त्यालाच 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. यंत्राखाली काही मिनिटे निजायचे असते, चटका बसत नाही. या अवस्थेत रोग मुळातून जात नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलेले बरे. रात्री झोप लागावी, संडासला आपल्या पायांनी जाता यावे, यासाठी तो असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारा, ही गोष्ट लहान आहे का! दहापैकी साधारण सहा जणांचे दुखणे कमी होते. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या दोन-चार दिवसांत कळ वाढूही शकते, त्याने घाबरू नये.

"परगावी दहा दिवस राहायचे कुठे?" या प्रश्नापाशी पुष्कळ घरे अडतात. केवळ दुखण्यासाठी ८ ग्रेचा एकच डोस हा दहा दिवसांत दिलेल्या ३० ग्रेइतकाच आराम देतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. एका डोसनंतर पुन्हा शेक घ्यावा लागण्याचे प्रमाण मात्र जास्त असते. मज्जारज्जूवर दाब असेल तर निर्णय अधिक नाजूक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ आठवड्यांनंतर एका डोसचे ६९ टक्के, तर पाच डोसांचे ७३ टक्के रुग्ण चालू शकत होते. काहींना आधी शस्त्रक्रियाही लागते.

उपचारापूर्वी जो चालतो, तोच पुढे चालता राहण्याची शक्यता अधिक. म्हणून पाय जड वाटले तर त्याच दिवशी निघावे. जामखेडकडच्या मंडळींना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीचा जुना कागद पिशवीत घ्यावा व रुग्णाला गाडीत आडवे झोपवून न्यावे.