पाण्याने दिलेली साक्ष

आमच्या आजीच्या ट्रंकेत दोन पुरचुंड्या होत्या. एकीत तिच्या माहेरहून आलेले वीस रुपये. दुसरीत, आजोबांनी १९४४ साली बैलजोडी विकली त्या पैशांतले उरलेले वीस. पहिल्या पुरचुंडीला आजी 'माझी चांदी' म्हणे आणि दुसरीला 'त्याचं पाप'.

'तो' म्हणजे बैल घेणारा, शेजारच्या वाड्यातला व्यापारी. त्याने खोटे रुपये गळ्यात मारले, अशी आजीची ठाम समजूत. या रुपयांचा आवाज तसा नाही, झिजल्या जागी पिवळट दिसतात, हा तिचा पुरावा. तेव्हापासून दोन्ही घरांतलं हळदीकुंकू बंद, संक्रांतीचा तिळगूळ बंद. आम्ही पोरं त्या वाड्यापुढून मान खाली घालून जायचो.

आजी गेली, पुढे आईही गेली आणि ट्रंक माझ्याकडे आली. मी रुपये घेऊन सराफाकडे गेलो. त्याने दोन्ही पुरचुंड्या काट्यावर ठेवल्या. वजन जवळजवळ सारखंच! ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. ८० रुपये भार म्हणजे एक शेर. नाणं हेच वजनाचं माप होतं. मग खोट ओळखायची कशी?

तेव्हा शाळेतला आर्किमिडीज आठवला. राजाच्या मुकुटात भेसळ आहे का, हे त्याने पाण्यात बुडवून शोधल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. वजन सारखं असलं, तरी हलक्या धातूची भेसळ असलेली वस्तू जागा जास्त व्यापते. म्हणजे वजनाबरोबर आकारमानही मोजायला हवं.

हा प्रयोग तुम्हीही घरी करू शकाल. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा. मग नाणी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडतील, पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाहीत, अशी लोंबती धरायची. बुडबुडे झटकून टाकायचे. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर त्या नाण्यांचं आकारमान. एकट्या नाण्याचा फरक कळत नाही, म्हणून दहा-दहा घ्यायची.

माहेरचे दहा रुपये ११५.८ ग्रॅम भरले, आकारमान ११.२. भागाकार आला १०.३. शुद्ध चांदीचा आकडा साडेदहा, तांब्याचा नऊच्या जरा खाली. म्हणजे चांदी भरपूर. बैलांचे दहा रुपये ११६.१ ग्रॅम भरले, पण आकारमान १२.२. भागाकार साडेनऊ. आजीचा कान खोटं बोलत नव्हता. चांदी कमीच होती!

मात्र नाण्यांच्या पाठीवरची सालं वाचली आणि मी चमकलो. पहिल्या पुरचुंडीतलं एकही नाणं १९२० च्या पुढचं नव्हतं. दुसरीतली सगळी १९४० ते १९४४ ची. जुन्या रुपयात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी असे. महायुद्धात चांदीची ओढाताण झाली, तेव्हा १९४० साली सरकारनेच ती निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच ठेवलं. या मिश्रणाचा हिशेब मांडला, तर भागाकार साडेनऊच येतो. पितळेवर मुलामा दिलेले खोटे रुपये असते, तर तो साडेआठच्या आसपास घुटमळला असता. रुपये खरे होते. चांदी काढून घेतली होती ती सरकारने, आणि बोल लागला शेजाऱ्याला.

तुमच्या घरी असे रुपये असतील, तर मोडीत घालण्याआधी साल पाहा. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि नाणं मागे घ्यावं लागलं. संग्राहक या दोन्हींना चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त मोल देतात. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा. त्यात चांदी नाहीच, तो लोहचुंबकाला चिकटतो. आणि कृपा करून चिंच लावून नाणी घासू नका. लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी उतरते.

मी मात्र काहीच विकलं नाही. गेल्या संक्रांतीला तिळगूळ आणि दुसऱ्या पुरचुंडीतला एक रुपया घेऊन त्या वाड्यात गेलो. त्या व्यापाऱ्याची सून आता नव्वदीची आहे. मी सगळा हिशेब सांगितला. त्यांनी रुपया तळहातावर घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला.

"मामंजी शेवटपर्यंत सांगत होते रे," त्या म्हणाल्या, "की मी खोटं नाणं दिलं नाही. ऐकून घ्यायला कुणी नव्हतं."

मी तिळगूळ पुढे केला. त्यांनी आधी तो देवापुढे ठेवला, मग तोंडात टाकला.