गोणीत हात घातल्याशिवाय नाही

पहाटे ५. पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरताना आधी नाक, मग डोळे. अमोनिया झोंबला तर लिटर ओलं झालंय. एकतर पाण्याचा निपल गळतोय, नाहीतर खाद्याने पक्ष्यांचं पोट बिघडवलंय. आज ठीक आहे. मर उचलली, वहीत लिहिली.

७. गडी विचारतो, "दादा, नव्या पिल्लांनाही मोठ्यांचंच खाद्य टाकू?" अजिबात नाही. पहिले दहा-बारा दिवस निव्वळ मका आणि सोयापेंड. एवढ्याशा पिल्लाला तंतुमय खाद्य झेपत नाही. मक्या-सोयाऐवजीचा पर्यायी माल फिनिशरच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पक्ष्यांनाच.

९. घोटीच्या राईस मिलमधून पॉलिशचा, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचा टेम्पो येतो. वरचा थर कुणीही चांगला भरतो, म्हणून कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायची. आवळली की अस्सल पॉलिश लाडवासारखं वळतं. तुसाची भेसळ असेल तर भुसभुशीत सुटतं, वर तळहाताला टोचतं. हे वळणं तेलाचं. पॉलिशमध्ये १२ ते १५ टक्के तेल असतं, ऊर्जा त्यातूनच मिळते. पण तेच तेल उन्हाळ्यात बघता बघता खवट होतं. त्यामुळे कितीही स्वस्त मिळो, साठा करायचा नाही.

११. डीडीजीएसच्या, म्हणजे इथेनॉल कारखान्यातल्या वाळवलेल्या चोथ्याच्या गोण्या. मक्यातला स्टार्च इथेनॉलला गेला की साधारण तिसरा हिस्सा उरतो, आणि ८-९ टक्के प्रथिनं २७च्या आसपास जातात. व्यापारी एवढं हौसेने सांगतो. मक्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर तेही तिपटीच्या घरात जातं, ते मात्र आपणच विचारायचं. माल सोनेरी पिवळा हवा. गडद, करपट वासाचा असेल तर गाडी परत. ड्रायरमध्ये भाजलेल्या मालात लॅबच्या कागदावर प्रथिनं तेवढीच दिसतात, पण लायसिन पक्ष्याच्या अंगी लागत नाही.

दुपारी १. ऊन चढलंय, फीडर वर ओढलेत, पाणी गार ठेवायचं. वही उघडतो. कोंबडीच्या खर्चात दोन तृतीयांश वाटा खाद्याचा. २०२३च्या जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला मिळेनासा झाला, डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या आणि मक्यासाठी आमच्यासमोर नवा गिऱ्हाईक उभा राहिला. त्याच्याच कारखान्याचा चोथा आता आम्ही विकत घेतो! तरी गोणीचा भाव बघून हुरळायचं नाही. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारं खाद्य, १.६चा १.७ झाला, तर खाद्य सहा टक्क्यांनी स्वस्त पडूनही आपण होतो तिथेच.

संध्याकाळी ५. मिक्सर सुरू. पॉलिश पाच टक्के, डीडीजीएस सहा, बाकी मक्याचा भरडा आणि सोयापेंड. कोंड्यातला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, म्हणून फायटेज लागतं. ते, लायसिन आणि टॉक्सिन बाइंडर आधी घमेलंभर भरड्यात कालवून मगच मिक्सरमध्ये.

रात्री ८. दलालाचा फोन: "कणी स्वस्तात आहे, दोन टन टाकू का?" कणी मक्याची जागा घेते, पण पिवळेपणा देत नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकाला पायाने पिवळी कोंबडी लागते. म्हटलं, आधी पोतंभर पाठव. तळातलं.