न फिटणारें कर्ज

मृग नक्षत्र लागलें कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या शेतकऱ्यास पैशाची निकड भासूं लागते. बियाणें घ्यावयाचें असतें, पऱ्हे टाकावयाचे असतात, पुढें रोवणीची मजुरी चुकवावयाची असते. आणि पीक तर दिवाळीच्या सुमारासच घरीं येतें. तेंदूपत्त्याचे उन्हाळ्यांतील पैसे तोंपर्यंत किराण्यांत व लग्नकार्यांत संपलेले असतात. या चार-पांच महिन्यांच्या अडचणींत सावकाराचें दार ठोठावलें जातें. सावकार भला आहे म्हणून त्याच्याकडे कोणी जात नाहीं. तो जवळ आहे, कागदपत्रें मागत नाहीं आणि रात्रीं-अपरात्रींही पैसे काढून देतो, म्हणून जातात.

या सोईची किंमत काय पडते तें पाहावें. दरमहा शेंकडा 10 हा दर ऐकण्यास लहान वाटतो. परंतु 10,000 रुपये घेतले आणि व्याज दर महिन्यास मुदलांत मिसळत गेलें, तर वर्षाअखेर 31,000 च्या वर आणि दोन वर्षांत 98,000 च्या वर देणें उभें राहतें. तें फेडण्यासाठीं दुसऱ्याकडून उचल, दुसऱ्यासाठीं तिसऱ्याकडून, आणि शेवटीं बैल, दागिने व बांध्या, असा क्रम लागतो. 2025 सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत, सावकाराचें देणें भागविण्यासाठीं मूत्रपिंड विकावें लागल्याची एका शेतकऱ्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. कर्ज माणसास कोठपर्यंत नेऊं शकतें याची यावरून कल्पना यावी.

हा प्रश्न नवा नाहीं. चांदा हें चंद्रपूरचें जुनें नांव. 1982 पर्यंत गडचिरोली त्याच जिल्ह्याचा भाग होता. हा मुलूख ज्या मध्यप्रांतांत मोडत असे, त्या प्रांतानें 1933 सालींच कर्ज-तडजोडीचा कायदा केला. धनको व ऋणको यांना मंडळापुढें समोरासमोर बसवावें, खरें देणें किती तें ठरवावें, झेपेल इतकी रक्कम कायम करावी आणि ती हप्त्यांनीं फेडूं द्यावी, अशी त्याची रीत होती. पुढें पंजाब, बंगाल व मद्रास या प्रांतांनींही असेच कायदे केले. ती मंडळें आज राहिलीं नाहींत. परंतु त्यांनीं घालून दिलेला धडा जुना झालेला नाहीं. न फिटणाऱ्या कर्जावर पहिला उपाय पैसा नव्हे, हिशेब आहे.

म्हणून ज्याचें देणें हाताबाहेर गेलें आहे त्यानें प्रथम नवें कर्ज काढणें थांबवावें. मग घरांतील लिहितां येणाऱ्या मुलास जवळ बसवून वहींत मांडावें: कोणाकडून, केव्हां, किती रक्कम प्रत्यक्ष हातीं आली, आजवर किती परत दिली, काय गहाण आहे, कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा आहे. पुष्कळदां असें आढळतें कीं मुद्दल कधींच फिटलें असून माणूस केवळ व्याजाचें व्याज भरीत आहे. हें देणें घरच्यांपासून लपवूंही नये. लपविलेलें कर्ज एकट्याच्या उरावर बसतें. उघड केलेल्या कर्जाला चार माणसांची अक्कल लाभते.

वही तयार झाली म्हणजे ती कायद्याशीं ताडून पाहावी. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा ठरविला असून त्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. त्याच वर्षीं ठरलेले दर असे: शेतकऱ्यास तारणावर सालीना शेंकडा 9 व विनातारण 12, इतरांस अनुक्रमें 15 व 18. चक्रवाढ व्याज घेतां येत नाहीं. दामदुपटीचा जुना नियमही कायम आहे. म्हणजे मुदलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. वरच्या उदाहरणांतील 10,000 रुपयांवर विनातारण दरानें वर्षाचें व्याज फक्त 1,200 रुपये होतें. दिलेल्या पैशाची पावती व हिशेबाचा उतारा मागणें हा ऋणकोचा हक्क आहे, सावकाराची मेहेरबानी नव्हे.

तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी करावी व तिची पोंच घ्यावी. सावकारीच्या व्यवहारांत मागील 15 वर्षांच्या आंत जमीन गेली असेल, तर चौकशी करून ती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास आहे. कागदावर खरेदीखत असलें तरी मूळ व्यवहार कर्जाचा होता, हें दाखवितां आलें पाहिजे. तेथेंच ती वही उपयोगी पडते. आदिवासीची जमीन तर सरकारी मंजुरीवांचून बिगर-आदिवासीकडे जाऊंच शकत नाहीं. 1974 च्या कायद्यांचें तसें संरक्षण आहे. धमकी किंवा मारहाण झाल्यास पोलिसांत जावें. वकिलाच्या खर्चाचेंही भय नको. 1987 च्या कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमाती व अल्प उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळतें.

आतां सावकार नव्या वेषांतही येतो. बचत गटाच्या नांवानें आठवड्याचा हप्ता घेणाऱ्या कंपन्या आणि मोबाइलवर घटकेंत पैसे देणारे ॲप गांवोगांवीं पोंचले आहेत. अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम लागू आहेत: लहान कर्जांच्या बाबतींत कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असूं नये, आणि वसुलीसाठीं सकाळीं 9 पूर्वीं व सायंकाळीं 6 नंतर तगादा लावूं नये. हप्ता झेपत नसेल तर तो चुकण्यापूर्वींच लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. एक गोष्ट मात्र कोणाच्याही बाबतींत करूं नये: कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही. कर्ज न फिटणें हा गुन्हा नव्हे. परंतु न वटलेला धनादेश फौजदारी खटला उभा करूं शकतो.

उपाय केल्यावर पुन्हां तीच वेळ येऊं नये, हेंही पाहिलें पाहिजे. सहकारी संस्थेचें पीककर्ज 3 लाखांपर्यंत मुदतींत फेडल्यास 2021 पासून राज्यांत बिनव्याजी पडतें. जुनी थकबाकी असेल तर ती आधीं मोकळी करून घ्यावी. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकूं लागली. जंगलाचें उत्पन्न गांवाच्या हातीं राहिलें, तर आषाढांतील निकड गांवांतच भागविण्याचा मार्ग निघूं शकतो.

कर्ज घेणाऱ्याची मान खालीं जाते, आणि त्या खालीं गेलेल्या मानेवरच बेकायदा सावकारी चालते. देणें खरें असेल तितकें द्यावें, झेपेल त्या हप्त्यानें द्यावें; परंतु हिशेब मागितल्यावांचून एक पैही देऊं नये.