यंत्राने काढलेली नक्षी कोणाची?

संगणकावर काढलेल्या नक्षीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आज कापड, छपाई आणि दागिन्यांच्या धंद्यात विचारला जातो. प्रश्न मात्र जुना आहे.

फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ-मारी जकार्डने १८०४ साली मागाला छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. म्हणजे नक्षी आधी पुठ्ठ्यावर उतरते, मग कापडावर. हीच युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० नंतर आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली.

संगणकाने काढलेल्या चित्रांची प्रदर्शने १९६५ साली भरली. फेब्रुवारीत जर्मनीतील स्टुटगार्टला गेओर्ग नेस यांचे, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला मायकेल नोल व बेला युलेस यांचे. हे लोक हाताने रेघ ओढत नसत. रेघा किती, लांबी किती, वळण कुठे, याचे नियम ते लिहून देत आणि यंत्र त्याप्रमाणे चित्र काढी.

नोल यांनी एक चित्र अमेरिकेत कॉपीराइटसाठी पाठवले. ते यंत्राने काढले म्हणून नोंदणी नाकारली गेली. नोल यांनी कळवले की, यंत्राला चालवणारा प्रोग्रॅम माणसानेच लिहिला आहे. चित्रातील आकडे अनियमित आहेत, अशी पुढची हरकत आली. ते आकडे काढण्याची रीतही माणसाचीच, हे पटवल्यावर नोंदणी झाली.

२००१ साली केसी रीस व बेन फ्राय यांनी ‘प्रोसेसिंग’ हे मोफत साधन सुरू केले आणि हे काम प्रयोगशाळेबाहेर साध्या कलाकारापर्यंत पोहोचले.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीनुसार, संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती. पण व्यापाऱ्यांनी एक मेख ध्यानात ठेवावी. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि तिचा माल यंत्रावर पन्नासहून अधिक नग निघाला, तर तिच्यावरील कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर दहा वर्षे आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. नक्षी नवी असावी लागते. म्हणून नमुना बाजारात दाखवण्याआधीच अर्ज करावा. मूळ रेखाटन आणि संगणकावरील फाइल तारखेसह जपावी. उद्या वाद झाला तर तोच पुरावा उपयोगी पडेल.