आधी सुई, मग टोनआर्म

रेकॉर्ड प्लेअरला महागडा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, घेतला की आवाज आपोआप सुधारतो, हा समज सोडायला हवा. आधी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, पाहा. डेनॉनची डीएल-१०३ ही कार्ट्रिज ताठ सुईची; तिला जड आर्मच मानवतो. लवचीक सुईला हलका. आर्म-कार्ट्रिजचं वस्तुमान आणि सुईची लवचीकता मिळून अनुनादाची वारंवारता ठरते. ती ८ ते १२ हर्ट्झ असावी: त्याखाली वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे असतात, वर संगीत.

सुईवरचा भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते, असं अनेकांना वाटतं. उलट, हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंती ओरबाडते! डीएल-१०३ला सुमारे २.५ ग्रॅम लागतात. घर्षणानं आर्म मध्याकडे ओढला जातो, म्हणून त्याला उलट बाजूला ओढणारं अँटी-स्केटिंगही लावावं. हजारोंचा आर्म घेणाऱ्यांनी सुईभार मोजायचा छोटा काटा जरूर घ्यावा.