डब्यावरचं नाव

रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला की आधी माइक विकले जातात, मग मिक्सर, मग वातानुकूलन यंत्रं. कपाटातल्या टेपा सगळ्यात शेवटी उरतात, कारण त्यांना भंगारवालाही नीट भाव देत नाही. अशाच एका बंद झालेल्या स्टुडिओतून काही वर्षांपूर्वी संगीतकार विशाल भारद्वाज यांना निरोप गेला, की तुमचं नाव असलेली एक टेप इथे पडून आहे. टेपेवर लता मंगेशकरांचं गाणं निघालं. शब्द गुलजारांचे. नव्वदच्या दशकात एका चित्रपटासाठी ते मुद्रित केलं होतं, पण चित्रपट झालाच नाही. हे तिघं ‘माचिस’मध्ये (१९९६) एकत्र आले होते, त्याच काळातलं हे गाणं.

ते गाणं, ‘ठीक नहीं लगता’, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, लताबाईंच्या ९२व्या वाढदिवशी बाहेर आलं. विशाल यांच्या स्वतःच्या व्हीबी म्युझिक या कंपनीने ते काढलं, जोडीला होतं ‘मोज’ हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप. आता मोज म्हणजे आमच्या बंगळूरचं. शेअरचॅट चालवणाऱ्या कंपनीने २०२० च्या मध्याला, टिकटॉकवर बंदी आल्यावर लगेच, ते सुरू केलं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने जिन्यात फोन पुढे करून विचारलं, “आंटी, ही नवीन सिंगर कोण?” मी नाव सांगितल्यावर ती आधी हसली, मग थोडी ओशाळली. मला मात्र तिचा प्रश्न आवडला. कुठल्याही गायिकेला ब्याण्णवाव्या वर्षी कोणी ‘नवीन’ म्हणावं, यापरती दाद कोणती?

एवढ्या वर्षांनी हे गाणं असं उभं करता आलं त्याचं कारण टेपेतच आहे. मल्टिट्रॅक मुद्रणात एकाच टेपेवर शेजारी शेजारी समांतर पट्टे असतात, दोन इंची रुंद टेपेवर चोवीससुद्धा. ढोलकी एकावर, व्हायोलिनं दुसऱ्यावर, गायिका तिसऱ्यावर. एका पट्ट्याला धक्का न लावता दुसरा बदलता येतो. इथे बाईंचा आवाज वेगळ्या पट्ट्यावर सुटा होता. म्हणून तो उचलून विशाल यांनी त्याच्याभोवती आजच्या काळाला साजेसा वाद्यमेळ नव्याने बांधला.

इथे माझं थोडं अडतं. आवाज त्या दिवसाचा आणि वाद्यं आजची. जुन्या नथीला नवी कुडी जोडावी तसं काहीसं. त्या वेळचा वाद्यमेळही मला ऐकायला हवा होता, मग तो आज कितीही जुनाट वाटो. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. गाणं आलं तेव्हा बाई हयात होत्या. नको म्हणायचा त्यांना अधिकार होता, आणि संगीतकार स्वतःच्याच कामाला हात लावत होता. जेमतेम चार महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, त्या गेल्या.

‘पाकीज़ा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना तेवढंही मिळालं नाही. मूळचे तालवाद्यांचे माणूस, नौशाद यांचे कित्येक वर्षांचे सहायक, ‘मिर्झा ग़ालिब’ला संगीत दिलेले. कमाल अमरोहींनी पन्नासच्या दशकात ‘पाकीज़ा’ कृष्णधवल म्हणून सुरू केला. मग तो रंगीत झाला, अडला, पुन्हा सुरू झाला, आणि ४ फेब्रुवारी १९७२ ला मुंबईच्या मराठा मंदिरात लागला. तोवर गुलाम मोहम्मद यांना जाऊन चार वर्षं होत आली होती. पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. त्या वर्षीचं फिल्मफेअर ‘बेईमान’च्या संगीताला गेलं, तेव्हा प्राण यांनी त्याच चित्रपटासाठी मिळालेलं स्वतःचं पारितोषिक नाकारलं, ते ‘पाकीज़ा’च्या संगीताला हवं होतं असं त्यांचं म्हणणं.

पण चित्रपटात ऐकू येतं तेवढंच गुलाम मोहम्मद यांनी केलेलं नव्हतं. मुद्रित करून न वापरलेली गाणी कपाटात होती. १९७७ साली एचएमव्हीने त्यांची ‘पाकीज़ा रंग बरंग’ ही तबकडी काढली. शमशाद बेगम आहेत, सुमन कल्याणपूर आहेत. चित्रपटाच्या नेहमीच्या तबकडीतला लताबाईंचा एकछत्री अंमल इथे जरा सैल होतो आणि कोठीवर अनेक बायका असतात ही साधी गोष्ट कानाला पटते. ‘पाकीज़ा’साठी शोभा गुर्टूही गायल्या, आणि त्या मूळच्या आमच्या इकडच्या, बेळगावच्या.

या गाण्यांत कुणी नवी वाद्यं घातली नाहीत. घालता येणारच नव्हती. त्या काळी गायिका आणि वादक एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी. सगळं मिसळून एकाच पट्ट्यावर उतरायचं. सारंगीवाला चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पिठातून मीठ वेगळं काढता येत नाही, तशी ती मुद्रणं. अगदी अलीकडे मात्र संगणक हेही करू लागलाय. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी पियानोवर बसून कॅसेटवर गायलेला आवाज पियानोपासून सोडवून बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालं. म्हणजे ‘रंग बरंग’लाही उद्या कुणी नवे कपडे चढवू शकेल, आणि तेव्हा विचारायला गुलाम मोहम्मद नसतील. मला तरी ते नको आहे.

बंगळूरात अशा टेपा फारशा सापडायच्या नाहीत, कारण कन्नड चित्रपटांची गाणी बराच काळ मद्रासला मुद्रित व्हायची. ती पायपीट थांबावी म्हणून शंकर नाग यांनी इथे ‘संकेत’ हा स्टुडिओ उभा केला. हेच ते ‘मालगुडी डेज’वाले शंकर नाग, मुंबईच्या मराठी नाटकांत मुरलेले आणि ‘२२ जून १८९७’ या चित्रपटाच्या लेखनात हात असलेले. सप्टेंबर १९९० मध्ये दावणगेरेजवळ अपघातात ते गेले तेव्हा छत्तिशीही पूर्ण नव्हती. इथे जपणूक झाली ती त्याहून जुन्या आवाजांची. कर्नाटक संगीत शिकलेले विक्रम संपत यांनी बंगळूरातून ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू करून जुन्या तबकड्या डिजिटल करून सर्वांना खुल्या केल्या. पण लाखेची तबकडी फुटली नाही तर शंभर वर्षं टिकते. टेपेचं तसं नाही.

ते मी हाताने अनुभवलंय. आमच्या काकांचा स्पूल, घरच्या गणपतीतलं गाणं, १९७८ चं. इथल्या एका दुकानदाराने “बघू तरी” म्हणत तो तसाच यंत्रावर चढवला. दोन मिनिटांत चीं चीं सुरू झालं आणि हेडवर तपकिरी चिकटा साठला. चुंबकीय भुकटी पट्टीला धरून ठेवणारं चिकटद्रव्य हवेतली ओल पिऊन सुटतं, मग पट्टी फिरताना भुकटी खरवडून निघते. तो चिकटा म्हणजेच गाणं. पहिली दोन मिनिटं कापसाच्या बोळ्यावर गेली.

उरलेलं वाचलं ते एका ध्वनितंत्रज्ञ मित्रामुळे. त्याने फळं सुकवायच्या यंत्रात स्पूल पन्नास-चोपन्न अंश सेल्सिअसला आठ-दहा तास ठेवला. ओल निघून जाते, चिकटद्रव्य तात्पुरतं धरतं आणि काही दिवसांची सवड मिळते. तेवढ्यात उतरवून घ्यायचं. उतरवताना त्याने मला हेडफोन दिला. आधी नुसती खरखर, मग अगदी लांबून, विहिरीतून यावा तसा काकांचा “सा”, आणि क्षणभराने तोच “सा” खणखणीत, जवळून. मी दचकले. तो म्हणाला, स्पूल वर्षानुवर्षं गुंडाळलेला राहिला की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. हे काढून टाकू का, सोपं आहे.

म्हटलं, राहू दे.